चित्राखालची ओळ

अनेकांनी मिळून लिहिण्याच्या चित्रपटकोशात मांडणीच्या नियमांची चर्चा निघाली, की ती बहुधा चौकटीचा रंग, चित्राची रुंदी आणि तारखांचे लेखन यांपाशीच संपते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यावरील चित्रपटविषयक लेख हे अशा कोशाचे आपल्या परिचयातले उदाहरण. हे नियम निरुपयोगी आहेत असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. 'श्यामची आई' म्हणजे साने गुरुजींचे पुस्तक, अत्रे यांचा १९५३ चा चित्रपट की २०२३ चा, हे शीर्षकापुढच्या कंसातच कळावे. तेथे नुसते 'चित्रपट' लिहून भागत नाही, वर्षही हवे. नावे श्रेयनामावलीत असतील तशीच द्यावीत, हेही ठीक. एवढ्यावर कोणाचे दुमत होऊ नये.

आमचा आक्षेप चित्रांविषयी आहे. चित्र किती मोठे असावे हे नियम सांगतो. ते कशाचे आहे हे लिहिण्याची सक्ती मात्र करीत नाही.

प्रभातचा 'शेजारी' घ्या. १९४१ साली शांतारामबापूंनी तो मराठीत आणि 'पडोसी' या नावाने हिंदीत काढला. कथा तीच, पण पात्रयोजना वेगळी. मराठीत हिंदू शेजाऱ्याची भूमिका केशवराव दाते यांची, तर हिंदीत ती मझहर खान यांची. मुसलमान शेजारी दोन्हींकडे गजानन जागीरदार. मुसलमान नटाने हिंदू आणि हिंदू नटाने मुसलमान रंगवणे, ही त्या काळात मोठा अर्थ असलेली योजना केवळ हिंदी आवृत्तीत आहे. 'पडोसी'तले छायाचित्र 'शेजारी'च्या लेखात चिकटवले, की एका चित्रपटाचे म्हणणे दुसऱ्याच्या नावावर चढते. रुंदी अचूक असली तरी.

'राजा हरिश्चंद्र'चे प्रकरण याहून नाजूक. चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. फाळक्यांनी १९१७ मध्ये तो पुन्हा चित्रित केला, आणि आज जी रिळे शिल्लक आहेत ती १९१७ चीच असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. अशा वेळी चित्राखाली 'राजा हरिश्चंद्र, १९१३' असे ठोकून देणे म्हणजे वाद मिटवणे नव्हे, लपवणे. 'उपलब्ध रिळांतून, काळ वादग्रस्त' असे चार शब्द तेथे बसतात. चौकटीत मात्र वर्षाला एकच रकाना असतो आणि तो रिकामा दिसला, की कोणीतरी उत्साहाने भरतोच!

मराठीच्या वर्गात आपण पाठभेद शिकवतो. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली हे सांगताना कोणत्या पोथीत कोणता पाठ, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. तीच शिस्त चित्राला लावायला आपण का कचरतो, हे आम्हांस कळत नाही. छायाचित्र हाही पाठच आहे.

राहिली भित्तिपत्रके. येथे प्रश्न कायद्याचाही आहे. आपल्या प्रताधिकार कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. रंगवलेल्या चित्राचा मात्र चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. म्हणजे चित्रपट मुक्त झाला तरी त्याचे भित्तिपत्रक मुक्त झाले असेलच असे नाही, आणि ते ठरवायचे तर चित्रकार कोण हे ठाऊक हवे. बाबूराव पेंटर १९५४ साली वारले, म्हणून त्यांच्या हातची भित्तिपत्रके २०१५ पासून मुक्त आहेत. पण ती त्यांच्याच हातची, हे लिहिलेले सापडते कुठे? दिग्दर्शकापासून वितरकापर्यंत सर्वांना रकाना, आणि ज्या चित्राने चौकटीचा माथा व्यापला त्याच्या कर्त्याला नाही. कोल्हापूरच्या चित्रकारांची एक सबंध पिढी या भिंतींवर राबली. कोशातही ती निनावीच राहते आहे.

आमची मागणी लहान आहे. चित्र चढवताना ते कोणत्या भाषेतील आवृत्तीचे, चित्रपटातील दृश्य की चित्रीकरणस्थळी घेतलेले छायाचित्र, भित्तिपत्रक असल्यास रंगवणारा कोण, आणि ते कोठून मिळाले, एवढे लिहिल्याखेरीज ते स्वीकारू नये. 'अज्ञात' हे उत्तर चालेल. कोरी जागा चालणार नाही. यामुळे काही लेख वर्षानुवर्षे चित्राविना राहतील. खुशाल राहू द्यावेत.