लळिंगला जाऊन मागायचे काय?

३१ जुलैला साक्रीकडून आम्ही लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो. १९३७ साली पोळ्याच्या खटल्यासाठी धुळे कोर्टात आलेल्या बाबासाहेबांचा तिथे मुक्काम होता. तेव्हा ते नुसते बॅरिस्टर नव्हते. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते, मुंबई विधानसभेचे निवडून आलेले सभासद होते. तरी खेड्यातल्या पोळ्याच्या वादासाठी कोर्टात उभे राहिले.

आमचे वकील मात्र तिकीट दिसताच काळा कोट खुंटीला टांगतात! ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५च्या नियमांनुसार पीडिताने मागणी केल्यास जिल्हाधिकारी नामवंत ज्येष्ठ वकील नेमू शकतात. फी शासन देते. मिरवणुकीत पुढे चालणाऱ्या किती पुढाऱ्यांनी हे आपल्या वस्तीत सांगितले? लळिंगहून साक्रीला परततानाची वाट धुळ्यावरूनच आहे. खटले रखडलेल्यांचे अर्ज घेऊन आम्ही यंदा कलेक्टर कचेरीत जाणार आहोत.