लाउंजचे सदस्यत्व आणि मराठवाड्याची प्रतीक्षा

नांदेड आणि लातूरसारख्या शहरांतही आता क्रेडिट कार्ड सुचविताना ‘विमानतळावरील लाउंज मोफत’ हे आकर्षण आवर्जून सांगितले जाते. ज्या लातूरमध्ये विमानतळ असूनही नियमित प्रवासी विमानसेवा टिकू शकली नाही, तेथेही हे वाक्य ग्राहकाला मोहात पाडते. मुले बंगळुरू-पुण्यात नोकरीला, एखादे अमेरिकेत, उपचारासाठी हैदराबाद किंवा मुंबई, व्यापारासाठी दिल्ली, असे प्रवास मध्यमवर्गाच्या वाट्याला आता नियमित येऊ लागले आहेत. त्यामुळे वर्षाला काही हजार रुपये भरून लाउंजचे सदस्यत्व घ्यावे काय, हा प्रश्न केवळ महानगरांतील अधिकाऱ्यांचा राहिलेला नाही. मात्र त्याचे उत्तर मुंबईकराला लागू पडते तसेच नांदेडकराला लागू पडेल, असे समजणे चुकीचे ठरेल.

लाउंज ही मूळची विमान कंपन्यांची कल्पना. अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर निवडक प्रवाशांसाठी असा पहिला कक्ष उघडला. निमंत्रितांपुरती असलेली ही सोय पुढे पैसे भरणाऱ्या कोणालाही मिळू लागली. १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रायॉरिटी पास’ने कोणत्याही कंपनीच्या तिकिटावर जगभरातील लाउंजमध्ये प्रवेश देणारे सदस्यत्व रूढ केले. भारतात मात्र ही सोय घरोघरी पोहोचविली ती बँकांच्या कार्डांनी. ग्राहक आत गेला की त्याच्या वतीने बँक किंवा कार्डाचे जाळे चालविणारी संस्था लाउंजला ठराविक रक्कम देते. ग्राहकाच्या कार्डावरून केवळ नाममात्र रक्कम वळती होते. ही सोय म्हणूनच ‘मोफत’ वाटते. प्रत्यक्षात तिची किंमत वार्षिक शुल्कात, व्याजात आणि दुकानदाराकडून घेतल्या जाणाऱ्या आकारणीत मिसळलेली असते.

प्रथम स्वतंत्र सदस्यत्वाचा हिशेब पाहू. प्रायॉरिटी पासचे अलीकडच्या वर्षांतील जाहीर दर डॉलरमध्ये आहेत. सर्वांत स्वस्त योजनेत वर्षाला ९९ डॉलर आणि शिवाय प्रत्येक भेटीला ३५ डॉलर. मधल्या योजनेत ३२९ डॉलरमध्ये १० भेटी. तर सर्वांत वरच्या योजनेत ४६९ डॉलरमध्ये वाटेल तितक्या भेटी. पहिल्या योजनेत सहा भेटींचा खर्च ३०९ डॉलर होतो, सात भेटींचा ३४४. म्हणजे वर्षाला किमान सात भेटी होत असतील तरच मधली योजना परवडते. दहानंतरच्या प्रत्येक भेटीला पुन्हा ३५ डॉलर पडत असल्याने चौदा भेटींना मधली आणि वरची योजना समसमान होतात. त्यापलीकडे वरची स्वस्त पडते. शिवाय हे दर एका व्यक्तीचे आहेत. पती-पत्नी आणि दोन मुले असे चौघे एका सदस्यत्वावर आत गेले, तर तिघा पाहुण्यांचे १०५ डॉलर एका वेळेलाच द्यावे लागतात.

डॉलरचा भाव ८५ ते ९० रुपये धरला तरी ३५ डॉलर म्हणजे सुमारे तीन हजार रुपये होतात. देशांतर्गत प्रवासात बहुतेक लाउंज थेट पैसे भरणाऱ्यालाही प्रवेश देतात आणि त्याचा दर साधारणतः हजार ते दीड हजार रुपये, काही ठिकाणी त्याहून अधिक असतो. जी वस्तू दारात दीड हजारांत मिळते, तिच्यासाठी आधी वर्गणी आणि मग तीन हजार मोजण्यात शहाणपण नाही. स्वतंत्र सदस्यत्वाचा विचार त्यामुळे वारंवार परदेशी जाणाऱ्याने, तेही लांबलचक थांबे घेत जाणाऱ्यानेच करावा. नांदेड-लातूरच्या देशांतर्गत प्रवाशाला हा पर्याय जवळजवळ बादच आहे.

उरतो प्रश्न कार्डाचा. येथे परिस्थिती गेल्या दोन-तीन वर्षांत बरीच पालटली आहे. लाउंजपुढे रांगा लागू लागल्या, बँकांचा खर्च वाढला आणि अटी आल्या. एचडीएफसी बँकेने डिसेंबर २०२३ पासून आपल्या ‘रेगालिया’ व ‘मिलेनिया’ या कार्डांवर तिमाहीत एक लाख रुपयांच्या खर्चाची अट घातली. आयसीआयसीआय बँकेने एप्रिल २०२४ पासून अनेक कार्डांना आधीच्या तिमाहीत ३५ हजारांच्या खर्चाचे बंधन लावले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ते ७५ हजारांवर नेले. अॅक्सिस बँकेनेही मे २०२४ पासून काही कार्डांसाठी आधीच्या तीन महिन्यांत ५० हजारांची अट आणली. बँका आणि लाउंज यांच्यातील दुवा असलेल्या ‘ड्रीमफोक्स’ या कंपनीने तर सप्टेंबर २०२५ मध्ये देशांतर्गत लाउंजचा व्यवसायच बंद केला. तात्पर्य, कार्ड घेताना छापील पत्रकात असलेली सवलत विमानतळावर पोहोचेपर्यंत तशीच राहील, याची शाश्वती नाही.

आधीच्या तिमाहीतील खर्चाची अट मराठवाड्याच्या अर्थव्यवहाराशी जुळत नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. येथील पैसा सोयाबीनच्या हंगामाबरोबर फिरतो. शेतकऱ्याच्या, अडत्याच्या आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या दुकानदाराच्या घरची मोठी खरेदी दसरा-दिवाळीच्या सुमारास होते. त्या खर्चावर मिळणारी लाउंजची मुभा जानेवारी ते मार्च या काळातील असते. आणि तेव्हा तर घरात परीक्षांचे दिवस असतात. कुटुंब प्रवासाला निघते ते एप्रिल-मेमध्ये. त्यासाठी जानेवारी ते मार्चमध्ये ७५ हजार रुपये कार्डावर खर्च झालेले असावे लागतात. नोकरदाराच्या घरी किराणा, विमा आणि शिकवणीचे शुल्क यांतून ही रक्कम सहज भरत असेल तर गोष्ट निराळी. मात्र केवळ अट पुरी करण्यासाठी खरेदी केली आणि ३५ हजारांची बाकी एक महिना राहिली, तर महिना साडेतीन टक्के दराने १,२२५ रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के कर मिळून सुमारे १,४४५ रुपये होतात. लाउंजमधील एका जेवणाचे पैसे असे आधीच चुकते झालेले असतात.

तथापि या साऱ्या हिशेबापेक्षा मूलभूत प्रश्न वेगळा आहे. लाउंज विकते ते प्रतीक्षेतील आराम. तेव्हा नांदेड-लातूरचा प्रवासी प्रतीक्षा नेमकी कोठे करतो, हे आधी पाहावे लागेल.

नांदेडच्या विमानतळाचे रूप २००८ मध्ये गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने पालटले. २००९ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने नांदेड, लातूर, धाराशिव, यवतमाळ आणि बारामती ही पाच विमानतळे रिलायन्स समूहाच्या कंपनीला ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. त्यातून अपेक्षित असलेली हवाई भरभराट लातूरने पाहिली नाही. नांदेडला ‘उडान’ योजनेत हैदराबादचे विमान मिळाले ते २७ एप्रिल २०१७ रोजी. देशातील या योजनेच्या पहिल्याच दिवशी. ते चालविणाऱ्या ट्रूजेटची सेवा २०२२ मध्ये थांबली. मार्च २०२४ अखेरीस स्टार एअरने नांदेड पुन्हा बंगळुरू, दिल्लीनजीकचे हिंडन आणि पंजाबातील आदमपूर यांच्याशी जोडले. ऑगस्ट २०२५ मध्ये धावपट्टीच्या अवस्थेमुळे येथील उड्डाणे पुन्हा काही काळ स्थगित झाली. योगायोग असा, की त्याच महिन्यात २६ तारखेला जालना-मुंबई वंदे भारत गाडीचा विस्तार नांदेडपर्यंत झाला. विमान थांबले आणि रेल्वे पुढे आली, हा प्रदेशाच्या दळणवळणाचा नेहमीचाच अनुभव म्हणावा लागेल.

या पार्श्वभूमीवर लातूरच्या माणसाचे विमान सुटते ते हैदराबादहून, पुण्याहून किंवा मुंबईहून. हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, पुणे सव्वातीनशेच्या घरात. मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या वृद्ध दांपत्याचे विमान पहाटे चारला शमशाबादहून असेल, तर रस्त्यावर काही अडचण नको म्हणून ते दुपारीच घर सोडतात आणि रात्री नऊला विमानतळावर पोहोचतात. त्यांच्यापुढे सात तास असतात. लाउंजची खरी गरज यांनाच, असे कोणालाही वाटेल.

परंतु लाउंज असते सुरक्षा तपासणीच्या पलीकडे. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान देऊन बोर्डिंग पास घेण्याच्या खिडक्या बहुधा उड्डाणापूर्वी तीन-चार तास उघडतात. पुढे इमिग्रेशन आणि तपासणी यांत तासभर जातो. लाउंजमध्ये थांबण्याची मुभाही बहुधा दोन ते तीन तासांचीच असते. म्हणजे सात तासांपैकी लाउंज उपयोगी पडते ते फार तर दोन तास. उरलेले पाच तास हे दांपत्य बॅगांवर पाय टेकवून बाहेरच्या खुर्च्यांवरच बसणार. मुंबईच्या अंधेरीत राहणारा प्रवासी तीन तास आधी निघतो, म्हणून त्याची संपूर्ण प्रतीक्षा लाउंजमध्ये सामावते. लातूरकराची प्रतीक्षा अंतराने लादलेली आहे, आणि तिच्यावर कोणत्याही कार्डाचा उतारा नाही.

नांदेडहून विमानाने जाणाऱ्याचीही गत फारशी निराळी नाही. येथील छोट्या टर्मिनलमध्ये कार्डावर चालणारे लाउंज नाही. त्याला सदस्यत्वाचा लाभ होतो तो परतीच्या प्रवासात, बंगळुरूसारख्या मोठ्या विमानतळावर. त्यातही जे दोन स्वतंत्र तिकिटांवर विमान बदलतात आणि मध्ये चार-पाच तास राखून ठेवतात, त्यांना लाउंज निश्चितच उपयोगाचे आहे. महिन्या-दोन महिन्यांनी असा प्रवास करणारा व्यापारी, सल्लागार किंवा डॉक्टर यांनी योग्य कार्ड घेण्यात काही गैर नाही. तथापि वर्षाला दोनदा मुलाकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी त्यासाठी वार्षिक शुल्काचे कार्ड घेऊ नये. गरज पडेल त्या दिवशी दारात पैसे भरावेत. याहून उत्तम म्हणजे त्याच पैशांत विमानतळाजवळ काही तासांची खोली घ्यावी. सात तासांच्या प्रतीक्षेत थकलेल्या पाठीला बिछाना अधिक मोलाचा असतो.

सदस्यत्वाशिवायही प्रवाशाला काही हक्क आहेत, याची जाणीव मात्र फारशी दिसत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास वा अधिक विलंब झाल्यास, वेळेवर हजर झालेल्या प्रवाशाला कंपनीने खाणे-पिणे द्यावयाचे असते. देशांतर्गत उड्डाणाचा विलंब सहा तासांपलीकडे जाणार असेल तर दुसरे विमान किंवा परतावा यांतील निवड प्रवाशाची असते. हा हक्क तिकिटातच अंतर्भूत आहे. त्यासाठी वेगळी वर्गणी नाही. खाण्याच्या अवाच्या सवा दरांवर उपाय म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाले. तेथे चहा व पाण्याची बाटली प्रत्येकी दहा रुपयांना आणि समोसा वीस रुपयांना ठेवण्यात आला. अशी सोय सर्वत्र झाली तर लाउंजमधील जेवणाचे निम्मे आकर्षण आपोआप ओसरेल.

नांदेडकरांना तर प्रतीक्षेची आणखी एक रीत परिचयाची आहे. सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पंगतीला बसणाऱ्याला कोणी कार्ड विचारीत नाही. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्सप्रेसच्या प्रवाशांना वाटेतील स्थानकांवर सेवेकरी विनामूल्य जेवण वाढतात, ही गोष्टही सर्वश्रुत आहे. श्रद्धेवर चालणारी ती सेवा आणि नफ्यावर चालणारे लाउंज यांची तुलना करण्याचे कारण नाही. परंतु वाट पाहणाऱ्या प्रत्येकाला बसायला जागा आणि पोटाला अन्न मिळावे, ही अपेक्षा अवाजवी नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

तेव्हा निर्णयाची कसोटी साधी आहे. गेल्या वर्षभरात सुरक्षा तपासणीच्या पलीकडे दोन तासांहून अधिक वेळ किती वेळा घालवावा लागला, हे जुनी तिकिटे काढून मोजावे. ती संख्या चारच्या आत असेल, तर सदस्यत्व नको. अधिक असेल आणि कार्डावरची खर्चाची अट नेहमीच्या संसारखर्चातूनच भागत असेल, तर कार्ड घ्यावे. तेही अटी दर तिमाहीला तपासण्याची तयारी ठेवून. स्वतंत्र डॉलरचे सदस्यत्व केवळ वारंवार परदेशी जाणाऱ्यांसाठी.

लातूर-नांदेडच्या बहुसंख्य प्रवाशांची जुनी तिकिटे काढली, तर ही संख्या चारच्या आतच निघेल. त्यांचे अधिक तास जातात ते रस्त्यावर, रेल्वे फलाटावर आणि बंद पडलेल्या विमानसेवेची वाट पाहण्यात. तो वेळ वाचविणारे सदस्यत्व कोणतीही बँक विकत नाही. ते लोकप्रतिनिधींकडून, रेल्वेकडून आणि विमानतळे सांभाळणाऱ्या यंत्रणेकडूनच मिळवावे लागेल.