पीकॉक बास आणि चिलापीचं तळं

परवा ऐन रिलीजच्या गडबडीत आटपाडीहून दादाचा फोन. (दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ.) "आरं, शनवारी येताना पुण्यातनं पीकॉक बासची धा-बारा पिल्लं घिऊन ये. पिशवीत ऑक्सिजन भरून देत्यात म्हणं. यष्टीत मांडीवर धरून आलास तरी चालतंय."

पिल्लं कशाला? तर गावाबाहेरच्या तळ्यात सोडायला. दादाने मायामीच्या कालव्यांवरचे व्हिडिओ बघितलेत. हिरवा-पिवळा, शेपटीवर मोराच्या पिसासारखा डोळा असलेला मासा गळाला लागतो आणि माणसाला अक्षरशः नाचवतो. आपल्या तळ्यात तो वाढला की पुण्या-मुंबईचे लोक गळ घेऊन येतील, राहतील, जेवतील. 'बनगरवाडी'च्या माणदेशात मासेमारीचं पर्यटन! हसू नका मंडळी, टेंभूचं पाणी आल्यापासून आमच्या तालुक्यात अशी स्वप्नं पडायला लागली आहेत, आणि पडायलाच हवीत.

वर दादाचा मुद्दाही बिनतोड होता. "तळ्यात निस्ती चिलापी उरलीया. ह्यो मासा चिलापी खातोय. तिकडं सरकारनंच सोडलाय."

हे खरं आहे. चिलापी म्हणजे तिलापिया. आफ्रिकेतला हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आज उजनीपासून गावतळ्यापर्यंत सगळीकडे आहे. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे प्रजा हटतच नाही. फ्लोरिडातही असाच उपद्रव झाला, म्हणून १९८४ पासून तिथे पीकॉक बास सोडले. पण तिथे थंडी आहे. पाणी फार गार झालं की हा ॲमेझॉनचा मासा मरतो, म्हणून तो दक्षिण फ्लोरिडातच अडकून पडलाय. आपल्याकडे ही वेसण कुठून आणायची?

पनामातल्या गातून तलावाची गोष्ट दादाच्या व्हिडिओत नव्हती. १९६०च्या दशकात तिथे एका तळ्यातून पीकॉक बास निसटले आणि तलावात शिरले. पुढे काही वर्षांत तिथले नेहमीचे बहुतेक छोटे मासे दिसेनासे झाले. १९७३ साली झारेट आणि पेन या शास्त्रज्ञांनी 'सायन्स'मध्ये हे मांडलं. त्या माशांवर जगणारे पक्षीही कमी झाले. प्रॉडक्शनला चुकीचा कोड गेला तर आम्ही रात्री दोन वाजता रोलबॅक करतो. तळ्यातून मासा रोलबॅक करता येत नाही हो.

आणि आमचं तळं काही बंद डबा नाही. सांडव्यावरून पाणी ओढ्यात, ओढा माणगंगेत, माणगंगा भीमेत. एका पावसात पिशवीतली पिल्लं पंढरपूरच्या खाली!

तुम्ही म्हणाल, परदेशी माशाचीच एवढी भीती का? कटला-रोहूही गंगेकडचेच की. बरोबर. भीती परदेशाची नाही, न विचारता सोडण्याची आहे. आपल्याच खुदरी महसीरचं बघा. सायक्सने १८३९ मध्ये मुळा-मुठेतल्या माशावरून याचं वर्णन केलं, म्हणजे अस्सल पुणेकर. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची पैदास झाली, चांगल्या हेतूने झाली, आणि बोटुकली पार कावेरीतही सोडली गेली. तिथे कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महसीर होता. खुदरी वाढत गेला, कुबडवाला संपत गेला. २०१८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं, टोर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त'च्या यादीत गेला. बारशाला आणि तेराव्याला एकच मुहूर्त...

गंमत म्हणजे हे कळलं ते गळवाल्यांमुळे. कावेरीकाठच्या गलीबोरे कॅम्पात लोक मासा पकडून, वजन लिहून परत सोडायचे. १९९८ ते २०१२ च्या त्या नोंदींतूनच अभ्यासकांना घसरण दिसली. म्हणून छंदाच्या मासेमारीला सरसकट नावं ठेवणाऱ्यांशीही माझं जमत नाही. पाण्याच्या काठी रोज बसणाराच पाण्यात काय कमी झालं ते आधी ओळखतो.

मग दादाला म्हटलं, पर्यटन करू, पण आहे त्या माशांवर. मरळ काय कमी भांडते? हलक्या गळावर चिलापीसुद्धा मजा देते, आणि चिलापी परत सोडायचीच नाही, चुलीवर ठेवायची. तळ्याचा ठेका सोसायटीकडे आहे, तिथल्या कोळी मंडळींना आधी विचारू. त्यांची कटल्याची बोटुकली तुझ्या मोरानं खाल्ली तर भरपाई कोण देणार?

दादा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हंजी आणत न्हाईस तर."

नाही आणत. शनिवारी स्वारगेटहून निघतोय, पिशवीऐवजी एक जुना गळ आहे बरोबर. काकूला मसाला वाटून ठेवायला सांगितलंय. दादा स्टँडवर घ्यायला येतो का, ते बघायचं.