ऐंशीची शंभर मागण्याआधी एकदा मागचं चाक काढून बघा

मंडळी, आपल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर आठवडाभर एक अर्ज फिरतोय. चौपदरी हायवेला चारचाकीला 100 आणि दुचाकीला 80 हा दुजाभाव आहे, आम्हालाही 100 करून द्या, अशी मागणी. खाली सह्यांची रांग. माझी सही नाही म्हणून तिघांनी विचारलं, एकाने तर "काका म्हातारे झाले" असं लिहून हसणारे चेहरे टाकले. वय 46 आहे, असो. सही का केली नाही ते एकदाच सविस्तर लिहितो, मग ज्याला शिव्या घालायच्या त्याने खुशाल घाला.

आधी हे सांगतो की मी गाडीचा वैरी नाही. माझी 100 सीसीची गाडी 2014 च्या पासिंगची आहे. ऑइल, प्लग, एअर फिल्टर, चेन, लायनर, केबल सगळं घरी, अंगणात, पोत्यावर बसून करतो. हात काळे झाल्याशिवाय माझा रविवार जात नाही, आणि बायकोचं त्यावरचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

आता अर्जाबद्दल. हे 80 आणि 100 चे आकडे केंद्राच्या एप्रिल 2018 च्या अधिसूचनेतले. चौपदरी दुभाजकाच्या रस्त्याला मोटारीला 100, दुचाकीला 80. शहरात आणि इतर रस्त्यांना मोटारीला 70, दुचाकीला 60. मालट्रकलाही हायवेला 80 च आहे. म्हणजे "हळू चाललो तर मागून ट्रक उडवतो" हा जो मुद्दा सगळ्यांनी उचलून धरलाय, त्यात ट्रक नियम मोडतोय, हे कुणी बोलत नाही. ट्रक मोडतो म्हणून आपली मर्यादा वाढवा? मग ट्रकवाले उद्या 100 मागतील, तेव्हा आपण 120 मागायची का?

आणि दुजाभाव कसला? मोटारीला चार टायर, भोवती पत्रा, पट्टा, एअरबॅग. आपल्याला दोन टायर, आणि त्यातला रस्त्याला टेकलेला भाग तळहाताएवढा. पत्र्याच्या जागी आपला गुडघा.

थोडं गणित करा, शाळेतलंच आहे. 80 च्या वेगाला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, 100 ला जवळपास 28. समोर काही आलेलं दिसून हात ब्रेकवर जायला एक सेकंद धरा. चांगले ब्रेक, कोरडा रस्ता, चांगला टायर धरा. 80 वाला साधारण साठ-पासष्ट मीटरमध्ये उभा राहतो. त्याच जागी, तेच ब्रेक दाबून 100 वाला पोचतो तेव्हा त्याचा काटा किती असतो? वीस? तीस? नाही. अजून 65 च्या आसपास असतो. वेग फक्त वीसने वाढला, पण जिथे एक जण थांबलेला असतो तिथे दुसरा 65 ने धडकतो. मी हे वहीवर तीनदा करून पाहिलं, कारण मलाही खरं वाटलं नव्हतं.

बरं, हे सगळं चांगल्या ब्रेकचं गणित. तुमचे ब्रेक कसे आहेत?

गेल्या महिन्यात यवतेश्वरच्या घाटात चहाला जमलो होतो तेव्हा मी गप्पा मारता मारता आठ गाड्या खाली वाकून बघितल्या. मला खोड आहे ती. दोघांचे मागचे टायर पार गोटा. एकाच्या टायरवर चार आकडी शिक्का 1116, म्हणजे 2016 च्या अकराव्या आठवड्यातला माल. नक्षी दिसायला शिल्लक होती, पण रबर इतकं कडक झालेलं की नख रुतत नव्हतं. तिघांच्या चेन एवढ्या सैल की बोटाने दोन इंच वरखाली होत होत्या. एकाची उलट इतकी ताठ की बेअरिंगचा जीव जातोय. ड्रमच्या गाड्यांना ब्रेकच्या आर्मपाशी बाण असतो. ब्रेक दाबल्यावर तो खुणेपर्यंत गेला की लायनर संपलं. हा बाण काय असतो हे आठांपैकी दोघांना माहीत होतं. आणि याच आठांपैकी पाच जणांची अर्जावर सही आहे!

आपल्या ग्रुपवर 10 डब्ल्यू 30 घालावं की 20 डब्ल्यू 40, यावर दोनशे मेसेज पडतात. सायलेन्सर कुठला, फिल्टर कुठला, पिकअप कसा वाढेल. ब्रेक लायनरवर शेवटचा मेसेज कधी पडला शोधा. माझा आहे, गेल्या दिवाळीतला. त्याला एक अंगठा आला.

"गाडी 110 ला पण लोण्यासारखी पळते" असं म्हणता ना, ती इंजिनाची तारीफ आहे. पळण्याबद्दल कुणाची तक्रारच नाही. थांबायचं काय ते बोला.

आता जे सांगतोय ते घरी फारसं बोललं जात नाही. गेल्या मार्चमध्ये मी मागचं चाक काढून लायनर बदललं. मागच्या ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला धरून ठेवणारी एक पट्टी असते. तिच्या बोल्टला नट आणि नटाला कॉटर पिन. मी नट बसवला, तेवढ्यात फोन आला, पिन घालायची राहिली. दहा वर्षांचा अनुभव, यूट्यूबवर पोरांना शिकवण्याइतका आत्मविश्वास, आणि दोन रुपयांची पिन वाटीतच राहिली. पुढे पंधरा दिवस नट हळूहळू सैल होत गेला असणार.

मुलीला मागे बसवून कोरेगाव रोडने येत होतो. साठाच्या जवळ काटा होता. एका शाळेपाशी तिने खांद्यावर टकटक केली, "बाबा, तिथे चाळीस लिहिलंय." मी वैतागूनच गॅस सोडला. शाळेला सुट्टी होती, रस्त्यावर कुणी नव्हतं, म्हटलं कशाला. पुढच्या स्पीडब्रेकरला ब्रेक दाबला आणि पट्टी निसटली, प्लेट चाकाबरोबर फिरली, रॉड गुंडाळला गेला आणि मागचं चाक जाम. गाडी आडवी. तिच्या गुडघ्याला चार टाके, माझं कोपर सोललं, तिच्या हेल्मेटवर उजव्या कानाच्या वर वीतभर ओरखडा. ते हेल्मेट मी टाकलेलं नाही, अंगणात खिळ्याला लटकवलंय. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता, त्याने थांबवला. त्या माणसाचं नावही विचारायचं राहिलं.

चूक शंभर टक्के माझी. गॅरेजची नाही, रस्त्याची नाही, सरकारची नाही. पण मी 60 ला असतो तर? 40 पेक्षा 60 चा मार सव्वादोन पट असतो, दीडपट नाही. घरी गाडी उघडणाऱ्याने तर वेगमर्यादेला सगळ्यात जास्त मानायला पाहिजे, कारण माणूस काय काय विसरतो हे त्याला ठाऊक असतं. आपण उलटं करतो. गाडी स्वतः बांधतो म्हणून आपल्याला नियम नको असतात.

"लिमिट म्हणजे नुसती वसुली" हा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. उतार संपतो तिथेच कॅमेरा, पाटी झाडाच्या फांदीत, आणि चलन मोबाईलवर येतं तेव्हा आपण त्या दिवशी कुठे होतो हेच आठवत नाही. मलाही आलंय, हजार रुपये भरलेत, चिडलोही. पण पाटी दिसत नाही याचा उपाय फांदी तोडणे हा आहे, आकडा वाढवणे हा नाही. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 44.5 टक्के दुचाकीवरची. सरकारी अहवालात 71 टक्के मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत. पोलीस तो रकाना पटकन भरतात असं तुम्ही म्हणाल. धरा निम्मंच खरं. तेवढंही पुरेसं नाही का?

म्हणून मी दुसरा अर्ज लिहिलाय. मागण्या साध्या आहेत. पाट्या दिसतील अशा लावा, आणि मर्यादा का आहे तेही खाली लिहा: शाळा, वळण, फाटा. स्पीडब्रेकरला पांढरे पट्टे मारा, रात्री ते दिसतच नाहीत. ऊस सुरू होण्याआधी प्रत्येक ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर लागलाय का ते कारखान्याच्या गेटवरच तपासा. कॅमेऱ्याच्या अलीकडे पाटी ठेवा. त्यावर सही करायला या, शंभरच्या अर्जावर ज्यांनी केलीय त्यांनीही या.

रविवारी सकाळी आठपासून माझ्या अंगणात गाडी दुहेरी स्टँडवर लावायची सोय आहे. एका वेळी तीन गाड्या होतील. चेन, टायर, लायनर बघून देतो, पैसे नाहीत. ज्याला लायनर बदलायचं असेल त्याने आपलं लायनर घेऊन यावं. हवा भरून येऊ नका, टायर थंड असताना बघायची असते. माझ्या गाडीच्या पुस्तकात एकट्याला पुढे 25, मागे 28 दिलंय, तुमचं पुस्तक सोबत आणा. कॉटर पिनांचं पाकीट मी आणून ठेवलंय.