अदृश्य उन्हाला रंगाचे कुंपण?

सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तर काठावर पसरलेल्या चोपडा तालुक्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे नवे नाही. केळीची पाने करपतात, घड सटकतात. हवामानाधारित फळपीक विम्यात जादा तापमानाचा धोका धरलेला आहे. पण विमा नुकसान भरून देतो, ऊन अडवीत नाही.

जमिनीवर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेचा जवळपास निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. प्रकाशसंश्लेषणासाठी वनस्पती मुख्यतः ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात. मग उरलेली उष्णता गाळता येईल काय? या प्रश्नामुळे निकट-अवरक्त किरण शोषणारी धातुसंकुल रंगद्रव्ये महत्त्वाची ठरतात.

निकेलच्या अणूभोवती गंधकयुक्त डायथायोलीन रेणू बांधले, की इलेक्ट्रॉन धातू आणि रेणू या दोहोंवर पसरतात. ऊर्जापातळ्यांतील अंतर घटते आणि ७०० ते ११०० नॅनोमीटरच्या टप्प्यातील किरण शोषले जातात. अनेक सेंद्रिय सायनिन रंगांपेक्षा ही संकुले प्रकाशात अधिक टिकतात. म्हणूनच १०६४ नॅनोमीटरच्या लेसरमध्ये त्यांचा वापर झाला. वैद्यकातही हे तत्त्व उपयोगी पडले आहे. पॅलेडियमयुक्त पॅडेलिपॉर्फिन या प्रकाशसंवेदी औषधाला युरोपात २०१७ मध्ये प्रोस्टेट कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

शेतीच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. शोषलेली ऊर्जा नष्ट होत नाही. तिची उष्णता होते. रंग मिसळलेले प्लास्टिक स्वतः तापते आणि त्या उष्णतेचा काही भाग आतच सोडते. त्यामुळे किरण परतवणारे आच्छादन येथे सरस ठरू शकते. शिवाय रंगाची किंमत, खान्देशी उन्हात अनेक हंगाम तग धरण्याची क्षमता आणि टाकाऊ प्लास्टिकमधून निकेल मातीत उतरण्याचा धोका, हे प्रश्न आहेतच. उघड्या केळीबागांवर असे छत परवडणारे नाही. ऊतीसंवर्धित रोपे जेथे कणखर केली जातात, त्या हरितगृहांतच प्रयोगाला खरा वाव आहे.

रंगरसायनाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. १९३३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे पहिले भारतीय संचालक डॉ. के. वेंकटरामन हे रंगांचेच अभ्यासक होते. जळगावात १९९० पासून विद्यापीठ आहे. प्रयोगशाळेतील रंग आणि चोपड्यातील ऊन यांची गाठ तेथे घालून दिली, तरच या शोधाचा लाभ शेतकऱ्याला होईल. तोवर केळीला आधार वाऱ्याला अडविणाऱ्या सजीव कुंपणाचा, पुरेशा पाण्याचा आणि साध्या शेडनेटचाच.