चूल तिची, दुरुस्ती कोणाच्या खर्चाने?

बचत गटाच्या बैठकीत घरखर्च मांडायला सांगितला, की बाया किराणा, दवाखाना, शाळेची फी, लग्नातला आहेर, मोबाइलचं रिचार्ज सगळं घडाघडा सांगतात. चुलीचा खर्च कोणी सांगत नाही. विचारलं तर उत्तर येतं, "चुलीला कसला आलाय खर्च? माती आपली, शेण आपलं, हात आपले." त्या 'हात आपले'मध्येच सगळी गोम आहे. बाईच्या श्रमाला किंमत नाही, म्हणून ज्या वस्तूची डागडुजी तिच्या श्रमावर चालते तिलाही खर्च नाही. आणि जिला खर्च नाही तिच्यासाठी घरातून पैसे निघत नाहीत.

मातीची चूल दर चार-आठ दिवसांनी सारवावी लागते. भेगा लिंपाव्या लागतात, खचलेली वैलं उभी करावी लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर ती नव्याने घालायची म्हणजे माती आणणं, तूस-शेण कालवून मळणं, थापणं आणि सुकेपर्यंत बाहेर तीन दगडांवर भागवणं. इगतपुरी-त्र्यंबकसारख्या धो-धो पावसाच्या पट्ट्यात ओल्या लाकडांनी ही नवी चूलही महिन्याभरात रडायला लागते. यातला एकेक दिवस मजुरीच्या दराने मोजून पाहा. गटात हा हिशेब फळ्यावर मांडला, की बाया आधी हसतात आणि मग गप्प होतात.

सरकारनेही चुलीकडे याच नजरेने पाहिलं. १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ साली केंद्राने तो गुंडाळला. दरम्यान देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची सरकारी नोंद आहे. कल्पना चांगली होती. लाकूड कमी, धूर धुराड्यातून बाहेर. पण मोजल्या गेल्या त्या बसवलेल्या चुली, चालू राहिलेल्या नव्हेत. धुराड्यात काजळी साचते. महिन्या-दोन महिन्यांनी ती काढली नाही तर धूर उलटा घरात येतो. त्यासाठी छपरावर चढायला हवं, आणि ते काम घरातल्या गड्याचं, जो धुरात बसत नाही! पाइप फुटला, वरची टोपी वाऱ्याने उडाली, आतली बिडाची जाळी झिजली, तर सुटा भाग कुठे मिळतो ते बाईला कोणी सांगितलेलं नव्हतं. लाकूड मावेना म्हणून तिने चुलीचं तोंड कोरून मोठं केलं, की हवेची ओढ बिघडली. मग शेरा काय? 'लाभार्थी महिलांमध्ये जागृतीचा अभाव.' दुरुस्तीसाठी पैसा नाही, माणूस नाही, आणि दोष जागृतीचा.

मग गॅस आला. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. जोडणी बाईच्याच नावावर हवी ही अट महत्त्वाची होती, आणि ते श्रेय नाकारण्याचं कारण नाही. जोडणीसाठी सुरुवातीला १६०० रुपयांची मदत होती, शेगडी आणि पहिला सिलिंडर मात्र अनेकींना कर्जाने मिळाला. योजनेतली आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, समारंभपूर्वक दिली गेली. पुढे सिलिंडरवर अनुदान आलं आणि २०२४ साली महाराष्ट्राने वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची अन्नपूर्णा योजना जाहीर केली. यातली प्रत्येक मदत जोडणीसाठी नाहीतर सिलिंडरसाठी. शेगडीचा कॉक घट्ट झाला, बर्नर गंजला, नळी चिरली, त्यासाठी काहीच नाही. सिलिंडर भरलेला, शेगडी बंद आणि मागच्या पडवीत चूल पेटलेली, असं चित्र गावोगाव दिसतं.

म्हणून काही गोष्टी प्रत्येक बाईला माहीत हव्यात. रेग्युलेटर आपला नसतो. तो कंपनीचा असतो, आपण अनामत भरून वापरतो. तो आपसूक बिघडला तर जोडणीचा कागद दाखवून वितरकाकडून बदलून घ्यायचा, बाजारातून विकत आणायचा नाही. रबरी नळी मात्र आपल्या खर्चाची. ती आयएसआय चिन्हाची घ्यावी आणि पाच वर्षांनी बदलावी. आतून तारेची वीण असलेली सुरक्षा नळी उंदरांपासूनही वाचते. पाच वर्षांतून एकदा तपासणी करून घ्यावी लागते. तिचं शुल्क भरताना पावती मागा आणि आलेल्या माणसाचं ओळखपत्र पाहा. 'कंपनीकडून आलोय' म्हणत दुपारी बाई एकटी असताना दामदुपटीने नळी गळ्यात मारणारे पुष्कळ आहेत. गळती झाली तर १९०६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तेल कंपन्यांनी काढलेला अपघात विमाही असतो आणि त्याचा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. मात्र अपघाताची खबर वितरकाला ताबडतोब लेखी द्यावी लागते. हे कागद बहुतेक घरांत नवऱ्याच्या पेटीत असतात. जोडणी तिच्या नावावर, कागद त्याच्या कुलपात.

घराचंही तेच. जुन्या कौलारू घरात धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा. आता घरकुलं स्लॅबची किंवा पत्र्याची. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली आहे. घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे द्यावं असंही योजना सांगते. प्रत्यक्षात गवंडी आणि नवरा मिळून आराखडा ठरवतात. धुराड्याला भोक ठेवत नाहीत, कारण 'आता गॅसच आहे'. पुढे गॅस परवडेनासा झाला, की बंदिस्त खोलीत चूल पेटते आणि भिंत फोडायची म्हटलं तर 'नवं घर खराब करतेस?' घर बांधतानाच स्वयंपाकघरात जाऊन उभं राहायला हवं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर बाईचं नाव लावून घ्यावं. त्याने मालकी सिद्ध होत नाही हे खरं, पण भिंतीला भोक पाडायचं की नाही या वादात तिला बोलायला जागा होते.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, चुलीची दुरुस्ती हा काय चळवळीचा विषय झाला? बाईला चुलीपासून सोडवायचं की चूल नीट करून द्यायची? प्रश्न मला मान्य आहे. पुरुषांनी स्वयंपाक करावा ही मागणी सोडावी असं मी म्हणत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं मेली. देशातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी कुटुंबं ५८.६ टक्के आढळली, म्हणजे दहातली चार घरं धुरातच होती. त्या घरांतल्या बायांना श्रमविभागणी बदलेपर्यंत थांबा म्हणणं मला जमत नाही. गटाने आपल्या अंतर्गत कर्जात 'चूल-शेगडी दुरुस्ती' असं वेगळं खातं धरावं. शेळी नि शिलाई मशीन यांनाच कर्ज मिळतं, कारण त्यातून पैसा दिसतो. गटातल्या दोघी-तिघींनी धुराडं साफ करायला आणि बर्नर खोलायला शिकून रीतसर मजुरी घ्यावी. फुकट नाही.

आणखी एक. १९८० च्या दशकात हुंडाबळींच्या प्रकरणांत सासरचे ठरलेलं वाक्य बोलायचे, 'स्टोव्हचा भडका उडाला.' स्टोव्ह सुनांवरच कसे भडकतात, असं विचारत आपल्या संघटना रस्त्यावर आल्या. १९८६ साली हुंडाबळीचं कलम ३०४-ब दंडसंहितेत आलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ८० आहे. आता स्टोव्हच्या जागी गॅसची शेगडी आहे. म्हणून सल्ला केंद्रात लग्नाला सात वर्षं न झालेली मुलगी छळाची तक्रार घेऊन आली, की मारहाणीबरोबर हेही विचारावं: शेगडी नादुरुस्त आहे का, किती दिवसांपासून, दुरुस्तीला पैसे मागितले होते का, कोणाकडे, आणि काय उत्तर मिळालं. तिची उत्तरं तारखेसह अर्जात लिहून घ्यावीत आणि त्याची एक प्रत माहेरी ठेवायला सांगावी.