फुकटच्या ब्लॉगचा जमाखर्च

फुकट ब्लॉगसेवा लेखकाला लिहिण्याची सोय देते, लिहिलेले साठवायला जागा देते आणि वाचकाला ते सापडावे म्हणून एक पत्ता देते. लिहिण्याची सोय आणि साठवणूक कंपनीला स्वस्तात पडतात. लाखो ब्लॉगांसाठी सॉफ्टवेअर एकच, साचे सामाईक आणि डेटाबेसही सामाईक. वाचकाने पत्ता उघडला की सर्व्हर पत्त्याच्या सुरुवातीचे नाव पाहतो, त्या नावावरचे लेख काढतो, लेखकाने निवडलेल्या साच्यात बसवतो आणि तयार पान धाडतो. एका मराठी लेखाचा मजकूर जेमतेम काही किलोबाइटांचा असतो. जागा खातात ते फोटो.

तरीही हा खर्च कोणाला तरी भरावा लागतोच. सॅन फ्रान्सिस्कोच्या पायरा लॅब्जने ऑगस्ट 1999 मध्ये ‘ब्लॉगर’ सुरू केले, तेव्हा लेख लेखकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर पाठवले जात. स्वतःचा सर्व्हर नसलेल्यांसाठी पुढच्या वर्षी ‘ब्लॉगस्पॉट’ आले. वापरणारे भराभर वाढले, उत्पन्न मात्र नव्हते. सर्व्हर घेण्यासाठी कंपनीला वापरकर्त्यांपुढे वर्गणीची झोळी पसरावी लागली. 2001 च्या सुरुवातीला पैसे संपले, सहकारी गेले आणि सहसंस्थापक इव्हान विल्यम्स यांनी काही काळ एकट्याने सेवा चालवली. फेब्रुवारी 2003 मध्ये गुगलने ती विकत घेतली आणि ज्या सोयींसाठी आधी पैसे पडत त्याही फुकट केल्या. ही दानत नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये गुगलची ‘अॅडसेन्स’ ही जाहिरातसेवा सुरू झाली आणि तिला जाहिराती लावण्यासाठी पाने हवीच होती.

2005 मध्ये आलेल्या वर्डप्रेस डॉट कॉमचा मार्ग वेगळा. फुकट ब्लॉगवर कंपनी स्वतःच्या जाहिराती दाखवते. त्या नको असतील किंवा स्वतःच्या नावाचा पत्ता हवा असेल तर वर्गणी भरावी लागते. मोजके पैसे भरणारे बाकीच्यांना पोसतात. मराठी ब्लॉगलेखकांना जाहिरातींचा आधार उशिरा मिळाला. अॅडसेन्सने 2014 मध्ये हिंदीला मान्यता दिली, मराठीला आणखी काही वर्षे ताटकळावे लागले. मराठीत ब्लॉग रुजला तो हौसेवर. ब्लॉगांवरच्या निवडक लेखनाचा ‘रेषेवरची अक्षरे’ हा दिवाळी अंकही ब्लॉगस्पॉटवरच निघाला.

जाहिरातींच्या जिवावर वाचन स्वस्त करण्याचे गणित दिवाळी अंकांना नवे नाही. पण छापलेला अंक घरात आला की पुढे मासिक बंद पडले तरी कपाटातला अंक कोणी काढून नेत नाही. ब्लॉगचे तसे नसते. याहूने 1999 मध्ये साडेतीन अब्ज डॉलरहून अधिक मोजून घेतलेली ‘जिओसिटीज’ ही फुकट वेबपानांची सेवा 2009 मध्ये बंद केली. त्यातला काही भाग हौशी जतनकर्त्यांनी धावपळ करून वाचवला म्हणून आज दिसतो. ‘पोस्टरस’ ही ब्लॉगसेवा ट्विटरने विकत घेतली आणि साधारण वर्षभरानंतर, एप्रिल 2013 मध्ये, मिटवली.

सेवा चालू असतानाही पत्ता लेखकाच्या हातात नसतो. जुलै 2006 मध्ये मुंबईच्या लोकलगाड्यांतील बॉम्बस्फोटांनंतर सरकारने काही मोजक्या पानांवर बंदी घातली. इंटरनेट कंपन्यांनी थेट अख्खे ब्लॉगस्पॉटच अडवले. स्फोटांत अडकलेल्यांची माहिती देणारा ‘मुंबई हेल्प’ हा ब्लॉगही त्याच पत्त्यावर होता. 2012 पासून गुगल भारतीय वाचकांना ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’कडे वळवू लागले, कारण एखादे पान एकाच देशापुरते काढणे त्याने सोपे होई. 2020 मध्ये ते नावच गुगलच्या हातून निसटले. ब्लॉग ‘डॉट कॉम’वर शाबूत राहिले, पण इतरांनी आपल्या लेखांत दिलेले ‘डॉट इन’चे जुने दुवे तुटले.

मजकुराचा स्वामित्वहक्क मात्र लेखकाचाच राहतो. कंपनीला फक्त तो दाखवण्याचा परवाना मिळतो. हा हक्क उपयोगी पडायचा तर जवळ प्रत हवी. ब्लॉगरच्या सेटिंगमधून सगळे लेख आणि प्रतिक्रिया एका फाइलीत उतरवून घेता येतात, वर्डप्रेसमध्येही तशी सोय आहे. मात्र ब्लॉगरच्या या फाइलीत फोटोंचे केवळ दुवे येतात, म्हणून फोटो वेगळे साठवावे लागतात. स्वतःचे डोमेन घेतले तर वर्षाला थोडे पैसे जातात, पण सेवा बदलली तरी पत्ता तोच राहतो. ब्लॉगरवरचा ब्लॉग गुगल खात्याला बांधलेला असतो आणि दोन वर्षे न उघडलेली खाती पुसण्याचे धोरण कंपनीने डिसेंबर 2023 पासून लागू केले आहे. म्हणून वयस्कर लेखकांच्या घरच्यांना त्या खात्याची माहिती आधीच दिलेली असावी लागते. आपल्यामागे खात्यातला मजकूर कोणाला मिळावा, हे नोंदवण्याची सोय गुगलच्या सेटिंगमध्ये आहे.